गाय-वासरू, नांगर आणि पंजा: एका मतदाराच्या तीन मतपत्रिका

नमस्कार मंडळी. आज आधी तीन चित्रं दाखवतो, बोलणं मग.

[स्क्रीनवर: गाय-वासरू]

हे 1971 चं चिन्ह. इंदिरा गांधींची काँग्रेस.

[स्क्रीनवर: चक्रात नांगरधारी शेतकरी]

हे 1977 चं. चिन्ह भारतीय लोकदलाचं, पण त्यावर लढली जनता पार्टी.

[स्क्रीनवर: पंजा]

आणि हा 1980 चा. याची ओळख करून द्यायला नको.

आता पुणे लोकसभा मतदारसंघात या. 1971 ला इथून निवडून आले मोहन धारिया, गाय-वासरावर. 1977 ला इथून निवडून आले... मोहन धारियाच. नांगरधारी शेतकऱ्यावर. गाव तेच, माणूस तोच, चिन्ह मात्र थेट समोरच्या बाजूचं. आपल्याच पक्षाचा नेता हाताबाहेर चाललाय, हे त्या पक्षाच्या मतदाराला कधी कळतं आणि कळल्यावर तो काय करतो? हे बघायला मला यापेक्षा चांगलं उदाहरण सापडलं नाही.

त्यासाठी कसब्यात राहणारे एक काका धरू. काका माझ्या कल्पनेतले आहेत, पत्ता विचारू नका. शाळेत मास्तर, घर पहिल्यापासून काँग्रेसचं. आधी काँग्रेसच्या जुन्या चिन्हावर, बैलजोडीवर शिक्का, मग गाय-वासरावर.

1971 चे काका खूश आहेत. 1969 ला बाईंनी चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण केलंय. 'गरिबी हटाओ'ची घोषणा आहे. काँग्रेसला देशात 352 जागा, महाराष्ट्रात 45 पैकी 42. डिसेंबरात बांगलादेशाचं युद्धही जिंकलं. आणि काकांचे खासदार धारिया? ते काँग्रेसमधल्या 'तरुण तुर्कां'पैकी. चंद्रशेखर, कृष्णकांत, रामधन आणि हे. बँका, संस्थानिकांचे तनखे, अशा प्रश्नांवर बाईंच्या बाजूने हिरिरीने उभी राहिलेली ही मंडळी. म्हणजे धारिया बाईंचे विरोधक म्हणून कधी जन्मालाच आले नव्हते. पुढचं सगळं समजायला हे लक्षात ठेवा.

1973 मध्ये तीन ज्येष्ठ न्यायाधीशांना डावलून अजितनाथ रे यांना सरन्यायाधीश केलं. अतिरेकाची ही पहिली मोठी खूण, असं आपण आज म्हणतो. तेव्हा काकांना काय वाटलं असेल? माझ्या मते काहीही नाही. पेठेतले दोन वकील कट्ट्यावर भांडले असतील, बस्स. फेब्रुवारी 1975 मध्ये वसंतराव नाईक जाऊन शंकरराव चव्हाण मुख्यमंत्री झाले. अकरा वर्षं मुख्यमंत्री असलेला माणूस दिल्लीच्या एका शब्दावर बदलतो, यावर मात्र काका चहा पिताना जरा कुरकुरले असतील. तेवढंच.

मार्च 1975. बिहारमध्ये जयप्रकाश नारायणांचं, म्हणजे जेपींचं, सरकारविरोधी आंदोलन पेटलेलं. राज्यमंत्री असलेले धारिया म्हणाले, जेपींशी बोला. एवढंच म्हणाले. मंत्रिपद गेलं.

काकांना पहिली ठेच लागली ती इथे. विरोधक आरडाओरडा करतात, ते त्यांचं कामच. पण आपण ज्याला मत दिलं, जो आपल्याच बाजूचा, त्याला 'बोलणी करा' एवढं म्हटल्याबद्दल घरी बसवलं?

पुढचं तुम्हाला माहीत आहे, म्हणून भरभर सांगतो. 12 जून 1975, अलाहाबाद उच्च न्यायालय, न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा. इंदिराजींची रायबरेलीची निवडणूक रद्द. 25 जूनच्या रात्री राष्ट्रपतींची सही झाली आणि आणीबाणी आली. मंत्रिमंडळाला कधी कळलं? दुसऱ्या दिवशी सकाळी, सहाच्या बैठकीत. सही आधी, मंत्रिमंडळ नंतर. या बैठकीकडे आपण शेवटी परत येऊ. काँग्रेसच्या कार्यकारिणीत असलेले चंद्रशेखर त्याच रात्री अटकेत. पक्षाध्यक्ष देवकांत बरुआ म्हणत होते, 'इंदिरा म्हणजे इंडिया'. ऑगस्टमध्ये 39 वी घटनादुरुस्ती झाली, म्हणजे पंतप्रधानांच्या निवडणुकीला न्यायालयात हातच लावायचा नाही. खटला त्यांचाच सर्वोच्च न्यायालयात चालू असताना! धारियांनी आणीबाणीला विरोध केला आणि तेही तुरुंगात गेले.

आणि काका? काका गप्प. रेल्वे वेळेवर, कचेऱ्यांत माणसं खुर्चीवर, विनोबांचा 'अनुशासन पर्व' हा शब्द सरकारने भिंतीभिंतीवर नेलेला. पेपरला सेन्सॉर. पण तुम्ही काकांशी बोलला असतात, तर एक वाक्य नक्की ऐकू आलं असतं: "बाई चांगल्या आहेत हो, भोवतालची माणसं वाईट."

हे वाक्य नीट ऐका. वर वर ते निष्ठेचं वाटतं. माझ्या मते ते निष्ठेला गेलेल्या पहिल्या तड्याचं आहे. काहीतरी वाईट चाललंय हे मान्य झालंय, फक्त नाव घेण्याचं धाडस अजून झालेलं नाही. दोष बाईंच्या मुलाचा, संजयचा, मंत्री बन्सीलालांचा, बरुआंचा. गाय-वासरू या चिन्हावरून आई आणि मुलाचा विनोद लोक दबक्या आवाजात करायला लागले, तो याच दिवसांत. स्वतःच्या पक्षाच्या चिन्हावर माणूस हसायला लागला की समजा, आत काहीतरी हललंय.

ही अस्वस्थता मोठ्या नेत्यांतही होती, पण कशी, ते कऱ्हाडला दिसलं. डिसेंबर 1975, साहित्य संमेलन. अध्यक्ष दुर्गाबाई भागवत, स्वागताध्यक्ष परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण. आजारी जयप्रकाशांसाठी प्रार्थना करूया, असं दुर्गाबाई त्याच व्यासपीठावरून म्हणाल्या. यशवंतरावांच्या गावात, यशवंतरावांच्या समोर. पुढे दुर्गाबाईंना अटक झाली. यशवंतराव मंत्रिमंडळातच राहिले. त्यांच्या मनात काय चाललं होतं यावर पुष्कळ लिहून झालंय. मला विचाराल, तर मतदाराला नेत्याच्या मनातलं दिसत नाही, खुर्ची दिसते.

मग काका काँग्रेसपासून दूर सरकले कशाने? घटनादुरुस्तीने? नाही हो. नसबंदीने.

1976-77 या एका वर्षात देशात 80 लाखांहून जास्त नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. मास्तर, तलाठी, ग्रामसेवक, सगळ्यांच्या मागे 'केसेस आणा' हा धोशा. जानेवारी 1976 मध्ये आपल्या बार्शीत बाजाराला आलेल्या माणसांना पकडून ट्रकमधून शस्त्रक्रियेला नेल्याची नोंद आहे. त्याच वर्षी महाराष्ट्र विधिमंडळाने तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारं विधेयक मंजूर केलं. हो, दिल्लीने नाही, आपल्या विधिमंडळाने. देशात पहिलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायद्यात उतरलं नाही, एवढंच. आमचे काका मास्तर आहेत. त्यांना आता केसेस आणायच्या आहेत, आणि त्यासाठी स्वतःच्याच विद्यार्थ्यांच्या बापांकडे जायचंय. 'भोवतालची माणसं' म्हणता म्हणता त्या भोवतालात काका स्वतःच आले.

18 जानेवारी 1977 ला निवडणूक जाहीर झाली. 2 फेब्रुवारीला ज्येष्ठ मंत्री जगजीवनराम काँग्रेसमधून बाहेर पडले. लोक हे निव्वळ दिल्लीचं राजकारण म्हणून सांगतात. मला त्यात काकांची सुटका दिसते. जन्मभर काँग्रेसला मत दिलेल्या माणसाला 'विरोधी' मत देणं म्हणजे घर बदलल्यासारखं वाटतं. पण घरातलाच वडीलधारा माणूस उंबरा ओलांडून गेला असेल, तर पाऊल उचलणं सोपं जातं. पुण्यात तो माणूस होता धारिया. तुरुंगातून आलेला, ओळखीचा, आपलाच.

निकाल: काँग्रेस 352 वरून 154 वर. रायबरेलीत खुद्द इंदिराजी राजनारायण यांच्याकडून 55 हजार मतांनी पडल्या. उत्तर प्रदेशात 85 पैकी शून्य, बिहारात 54 पैकी शून्य. महाराष्ट्रात 48 पैकी 20. मुंबईत एकही नाही.

आता जरा थांबा, कारण इथे आपण सगळे लोकशाहीच्या नावाने टाळ्या वाजवतो. आंध्रात काँग्रेसला 42 पैकी 41 मिळाल्या. कर्नाटकात 28 पैकी 26. आणीबाणी तीच, घटनादुरुस्त्या त्याच. नसबंदीचा बडगा जिथे जास्त बसला, तिथे मतं जास्त फिरली. आपल्याकडेही विदर्भ बराचसा काँग्रेससोबत राहिला. आणि पुण्याचं सगळं श्रेय काकांना देऊ नका. याच पुण्याने 1967 ला समाजवादी एस. एम. जोशींना निवडून दिलं होतं. जनसंघाची, समाजवाद्यांची मतं इथे होतीच, 1977 ला ती एका पेटीत आली. काकांसारख्यांनी त्यात भर घातली. किती, ते मतपत्रिकेवर लिहिलेलं नसतं.

तिसरं चिन्ह राहिलं. 1980. जनता सरकार आपापसात भांडून कोसळलं, इंदिराजी 353 जागा घेऊन परतल्या, महाराष्ट्रात 39. पुण्यातून विठ्ठलराव गाडगीळ, पंजावर. म्हणजे काका घरी परतले असावेत. तुम्हाला राग येतो का त्यांचा? मला थोडा येतो.

पण मधल्या काळात एक गोष्ट होऊन गेली होती. 1978 ची 44 वी घटनादुरुस्ती. आणीबाणीच्या कारणांतून 'अंतर्गत अशांतता' हे शब्द काढून 'सशस्त्र बंड' घातले. आणि ती सकाळची सहाची बैठक आठवते? आता मंत्रिमंडळाचा निर्णय आधी, तोही लेखी राष्ट्रपतींच्या हातात गेल्याशिवाय सही होऊ शकत नाही. काकांनी 1980 ला ज्या बाईंना परत आणलं, त्यांना 25 जूनची रात्र त्याच पद्धतीने पुन्हा आणता आली नसती.

तुमच्या घरात 1971, 77 आणि 80 ला तिन्ही वेळा मत दिलेलं कुणी असेल, तर विचारा त्यांना, तिन्ही वेळा शिक्का कुठे मारला होता. उत्तरं खाली लिहा, पुढच्या भागात मी वाचून दाखवतो.