चाळिशीत पेपर देताय? आधी पुस्तक मिटा!

नमस्कार मंडळी! गेल्या व्हिडिओखाली फिरून फिरून एकच प्रश्न आलाय. 'ताई, इतक्या वर्षांनी परत शिकायला घेतलंय, पेपरच्या नुसत्या विचाराने पोटात गोळा येतो.' तर आज तेवढंच.

फॉर्म-बिर्म भराभर उरकते. दहावी-बारावी राहिली असेल तर बाहेरून बसायला सतरा नंबरचा फॉर्म. पदवी हवी असेल तर मुक्त विद्यापीठ आहेच. १९८९ साली सुरू झालं आणि आपल्या गोवर्धनलाच आहे, त्यामुळे नाशिककरांनी तरी सोय नाही म्हणू नये. तारखा वेबसाइटवर बघा. मला विचारू नका, मी परीक्षा विभाग नाही!

आता मुद्दा. धडा वाचून झाला की पुस्तक मिटायचं आणि आठवेल ते कागदावर लिहायचं. हातानं. बस्स.

यावर लगेच कमेंट येते, 'वय झालं ताई, लक्षात राहत नाही.' अहो, एबिंगहाउस नावाच्या जर्मन अभ्यासकाने स्वतःवरच प्रयोग केले, निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करून. १८८५ साली ते छापून आलं. तासाभरात निम्म्याहून जास्त उडालेलं असायचं! तेव्हा गडी पस्तिशीचाही नव्हता धड. विसरणं सगळ्यांनाच आहे. कॉलेजातली पोरंही विसरतात, फक्त ती वयावर ढकलत नाहीत.

दुसरी कमेंट, 'मी पाच-पाच वेळा वाचते, तरी धीर येत नाही.' इथे गंमत आहे. २००६ मध्ये अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक यांनी विद्यार्थ्यांचे गट पाडले. एकाने उतारा परत परत वाचला, दुसऱ्याने न बघता आठवून लिहिला. आठवड्यानंतर लिहिणाऱ्यांच्या लक्षात जास्त राहिलं. आणि आपल्याला छान येतंय असं कोणाला वाटत होतं? वाचणाऱ्यांना! म्हणजे वाचून आलेला धीर पेपर हातात पडेपर्यंतच टिकतो. मिटा ते पुस्तक.

आणि हात. याबद्दल कोणी बोलतच नाही. आपण वर्षानुवर्षं सही आणि किराणामालाची यादी सोडून काय लिहिलंय? बाकी सगळं अंगठ्यानं, मोबाइलवर. माझ्या पहिल्या पेपरला गेटवरच वॉचमन म्हणाला, 'पालकांनी बाहेर थांबायचं.' हॉलतिकीट दाखवलं. त्याने फोटो बघितला, मला बघितलं, परत फोटो. 'जा मॅडम.' आत वर्गात माझ्यापेक्षा निम्म्या वयाच्या मुली. पण खरी तारांबळ दुसऱ्याच पानावर. अंगठ्याच्या मुळाशी कळ यायला लागली, मधल्या बोटावर पेनाचा वळ आणि 'ळ' कुठला, 'क' कुठला, माझं मला कळेना. मी ज्याला भीती म्हणत होते त्यातली अर्धी नुसती हाताची सवय मोडल्याची होती. ती सवय घरी लिहूनच येते. अर्थात, पुस्तक मिटून!

घरात जमत नाही म्हणता? कुकरची शिट्टी, सासूबाईंचं औषध, मुलाचा डबा, माहितीये. सावाना, म्हणजे नाशिकचं सार्वजनिक वाचनालय, आहे की. १८४० पासूनचं वाचनालय, तिथे तुम्हाला कोणी 'चहा टाक' म्हणणार नाही. एक भाऊ लिहितात, अंबडला नाइट शिफ्टच्या सुट्टीत कँटीनमध्ये बसून लिहितो. पाठकोऱ्या कागदांवर. याला म्हणतात जुगाड!

आणि वर्गातली पोरं 'काकू' म्हणतात म्हणून कोणीतरी रडका इमोजी टाकलाय. म्हणू देत हो. काकूंच्या नोट्स मागायला तीच येतात परीक्षेच्या आदल्या दिवशी.

तर आज रात्री एकच प्रश्न घ्या, दहा मार्कांचा. मोबाइलवर वीस मिनिटांचा गजर लावा आणि मोबाइल पालथा ठेवा. अडलं तरी पुस्तक उघडायचं नाही, जागा सोडून पुढे जायचं. गजर झाल्यावर लाल पेनानं राहिलेलं भरा. उद्या तोच प्रश्न परत. उत्तराचे फोटो मात्र मला पाठवू नका, मी तपासत नाही. प्रश्न असतील तर खाली लिहा. पण 'निकाल कधी?' नको!