काचबिंदूची ट्यूब बसवली, तरी प्रेशर उतरत नाही? घाबरण्याआधी हे ऐका

नमस्कार मंडळी! काचबिंदूच्या मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. "मॅडम, वडिलांना वॉल्व (म्हणजे हीच ट्यूब) बसवला, तीन आठवडे झाले, प्रेशर अजून 28 आहे, ऑपरेशन फेल गेलं का?" प्रत्येकाला वेगळं उत्तर टाइप करण्यापेक्षा म्हटलं बसून नीट बोलूया.

बेसिक पटकन सांगते. डोळ्याच्या आत पाणी (अश्रू नव्हेत) सतत तयार होतं आणि बाहेर जातं. निचरा अडला की प्रेशर वाढतं, मागची नस मरत जाते. साधारण 10 ते 21 प्रेशर नॉर्मल धरतात. ड्रॉप्स, लेझर, ट्रॅब (ट्रॅबेक्युलेक्टमी, म्हणजे पाण्याला नवीन वाट करून देणारं ऑपरेशन) हे उपाय आधी असतात. ट्यूब लागते ती अवघड केसमध्ये, म्हणजे ट्रॅब फेल गेलंय, डायबेटिसमुळे डोळ्यात नको तिथे रक्तवाहिन्या आल्यात, बुबुळ रोपण झालंय, किंवा लहान मुलाचा हट्टी काचबिंदू आहे. आणि हो, गेलेली नजर ट्यूबनेही परत येत नाही, उरलेली वाचवायची असते.

ट्यूब म्हणजे सिलिकॉनची बारीक नळी, बाहेरून जेमतेम अर्ध्या मिलिमीटरहून जरा जाड. एक टोक डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात, दुसरं एका प्लेटला जोडलेलं, आणि ती प्लेट वरच्या पापणीआड, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर, वरच्या पातळ पडद्याखाली शिवलेली. प्लेटभोवती शरीर स्वतःची एक पिशवी तयार करतं, पाणी त्या पिशवीतून झिरपून शोषलं जातं.

आता नीट ऐका. अहमद वॉल्व 1993 पासून वापरात आहे, त्यात खरंच झडप असते, त्यामुळे प्रेशर पहिल्या दिवसापासून उतरतं. (पुढे महिना-दोन महिन्यांत परत थोडं चढू शकतं, ते डॉक्टर सांभाळतात.) पण आपल्याकडे बऱ्याच जणांना आडी (AADI) नावाची दुसरी ट्यूब बसवतात. ती मदुराईच्या ऑरोलॅबची, 2013 मध्ये आलेली, इम्पोर्टेड इम्प्लांटपेक्षा बरीच स्वस्त, आणि गरीब पेशंटसाठी ही फार मोठी गोष्ट आहे. तिची प्लेट 350 चौरस मिलिमीटरची, अहमदची नेहमीची 184. मोठी प्लेट असल्यामुळे पुढे जाऊन प्रेशर सहसा जास्त खाली येतं. पण आडीत झडप नाही! म्हणून सर्जन नळीला विरघळणाऱ्या दोऱ्याने घट्ट गाठ मारतात. मुद्दाम. साधारण पाच-सहा आठवडे नळी बंदच असते.

का बंद ठेवतात? पिशवी तयार व्हायच्या आधी नळी उघडी राहिली तर पाणी भसाभस निघून जाईल, डोळा मऊ पडेल, आत पडद्यामागे पाणी साठेल. नवीन स्लॅबवर आपण लगेच टाकी चढवत नाही ना, पाणी मारत थांबतो, तसंच.

म्हणून आडी बसवली असेल तर तिसऱ्या आठवड्यातल्या 28 वर ऑपरेशन फेल गेलं असं ठरवू नका. काही सर्जन गाठीच्या पुढे नळीला सुईने बारीक चिरा देतात, त्यातून थोडं पाणी सुटतं, पण त्याचा भरवसा धरता येत नाही. तोपर्यंत नस सांभाळतात ते तुमचे ड्रॉप्स. एका काकांच्या मुलीचा फोन आला होता, ऑपरेशन झालं म्हणून घरच्यांनी प्रेशरचे सगळे ड्रॉप्स बंद केले होते, आणि काका डोकं धरून बसलेले, उलट्या होतायत. त्यांच्या डिस्चार्ज कार्डवर सगळं इंग्रजीत! मला याचा खरंच राग येतो, घरात ड्रॉप्स घालणारी आजी असेल तर तिला वाचता येईल असं मराठीत लिहून द्यायला किती वेळ लागतो?

परत सांगते, ऑपरेशन झालं म्हणून प्रेशरचे ड्रॉप्स आपल्या मनाने बंद करायचे नाहीत. ट्यूबनंतरही एखादा ड्रॉप कायम लागू शकतो, त्यात अपयश काही नाही.

आणि याची दुसरी बाजू. पाचव्या-सहाव्या आठवड्यात गाठ सुटते आणि प्रेशर एकदम खाली येतं. "आता बरं वाटतंय, शेतीची कामं आहेत, पुढच्या महिन्यात दाखवू" असं नेमकं तेव्हाच होतं. नाही! ती व्हिजिट चुकवायची नाही. डोळा दुखला, अचानक धूसर झालं, तर त्याच दिवशी जा. तेव्हा ड्रॉप्स कमी करायचे का, कोणते करायचे, हे प्रेशर मोजूनच ठरतं.

ऑपरेशनच्या आधीच सर्जनना विचारा, कोणता इम्प्लांट, गाठ मारणार का, साधारण कधी सुटेल, आणि रात्री त्रास झाला तर फोन कुणाला. विचारल्यावर चांगला डॉक्टर चिडत नाही.

एका ताईंनी विचारलंय, डोळा चोळला तर चालेल का. अजिबात नाही. नळीवर दुसऱ्याच्या डोळ्यातला ऊतीचा छोटा तुकडा पॅच म्हणून लावलेला असतो, तरी वर्षांनंतरही वरचा पडदा झिजून नळी उघडी पडू शकते आणि मग इन्फेक्शन आत शिरतं. पापणीखाली सतत टोचतंय, डोळा लाल आहे, तर मेडिकलमधून ड्रॉप आणून घालू नका, सरळ दाखवा. आणि एमआरआयचं विचारणाऱ्या दादा, अहमद आणि आडी दोन्हीत धातू नाही, तरी जाताना इम्प्लांटचं कार्ड सोबत न्या आणि टेक्निशियनला आधी सांगा.