डावीकडची कोशिंबीर

(दृश्य: जेवून झालेलं ताट, वरून)

ताट नीट बघा. उजवीकडची भाजी संपली, आमटी संपली, भातही गेला. डावीकडचं लिंबू, चटणी, कोशिंबीर मात्र जशीच्या तशी.

इंदूरच्या राजेंद्रनगरातल्या या काकांना कोशिंबीर फार आवडते. लकवा (स्ट्रोक) येऊन गेला, हातापायात ताकद परतली, बोलणं तर बिघडलंच नव्हतं. पण ताटात डावीकडे काही वाढलंय, याची त्यांना दखलच नसते. हे पहिल्यांदा काकूंच्या लक्षात आलं. आणि काका मागताहेत मोटारीची किल्ली.

मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली की काही रुग्णांचं डावीकडचं लक्षच हरपतं. डॉक्टर याला नेग्लेक्ट म्हणतात. डोळे शाबूत असतात. दाढी करताना डावा गाल राहतो, घड्याळ काढायला सांगितलं तर सगळे आकडे उजवीकडे गर्दी करतात. ‘मला काही त्रास नाही’ असं रुग्ण म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो; डावीकडचं काही निसटतंय, हेच त्याला कळत नसतं. घरच्यांनी हे समजून घ्यावं, किल्लीवरून भांडू नये, असं मला फार वाटतं.

(दृश्य: जवाहर मार्ग, संध्याकाळ)

आता या रस्त्याकडे बघा. आपण डाव्या बाजूने गाडी चालवतो. कडेने चालणारी मुलं, ठेले, मध्येच थांबलेली ई-रिक्षा, सगळं डावीकडेच. चौराह्यावर स्कूटर घुसते तीही तिकडूनच.

ब्रिटनमध्ये स्ट्रोकनंतर किमान एक महिना कार चालवायला मनाई आहे. आपल्याकडे परवान्याच्या फॉर्म १ मध्ये फेफरं, चक्कर, हातापायांची ताकद विचारतात, २५ मीटरवरून नंबर प्लेट वाचता येते का, हेही विचारतात. समोरची नंबर प्लेट काका सहज वाचतील. मोटार वाहन कायद्याचं कलम १८६ शारीरिक किंवा मानसिकदृष्ट्या अयोग्य असताना वाहन चालवणं हा गुन्हा ठरवतं. पण योग्य की अयोग्य, हे आधी कुणीतरी तपासायला तर हवं.

तपासता येतं. काचबिंदूच्या रुग्णांची पेरिमेट्री होते, म्हणजे नजर कुठपर्यंत पोचते याची तपासणी; तीच चाचणी इथे उपयोगी पडते. दोन्ही डोळ्यांची एकाच बाजूची अर्धी नजर गेली असेल तर ती सापडते. अक्षरांच्या तक्त्यावर ती निसटू शकते. काकांची पेरिमेट्री चांगली आली, म्हणजे नजर शाबूत. पण कागदभर विखुरलेल्या रेघा खोडायला दिल्या, तेव्हा डावीकडच्या बऱ्याच राहून गेल्या: हाच नेग्लेक्ट. न्यूरोलॉजिस्टनी स्टिअरिंगला सध्या नाही म्हटलंय.

हात-पाय अधू राहिले तर गाडीत बदल करता येतो. डावा पाय कमजोर असेल तर ऑटोमॅटिक गाडीत क्लचचं पेडलच नसतं. हरवलेल्या लक्षासाठी मात्र गाडीत बसवण्याजोगं काही नाही; मान मुद्दाम डावीकडे वळवायची सवयच लावावी लागते.

(दृश्य: इंदूरचा सुपर कॉरिडॉर रस्ता, रविवारची सकाळ)

गाडी मुलगी चालवते आहे. काका शेजारी, डाव्या सीटवर. ऑक्युपेशनल थेरपिस्टने, म्हणजे रोजची कामं पुन्हा करायला शिकवणाऱ्या तज्ज्ञाने, दिलेला अभ्यास चालू आहे: डावीकडे जे जे येईल ते मोठ्याने सांगायचं.

“सायकल. खांब. बाई, पिशवी घेऊन.”

“आणि बाबा, तो कुत्रा?”

काका मान आणखी वळवतात.

“हो. कुत्रा. चल, पुढे घे.”