पाऊण इंचाची गोष्ट

(सांगलीत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

इथे टेबलावर दोन इलेक्ट्रिक गिटारी आहेत. लाल आहे ती स्ट्रॅटोकास्टर, सोनेरी आहे ती लेस पॉल. दोन्हींना एकाच मापाच्या तारा चढवल्यात आणि दोन्ही एकाच सुरात लावल्यात. मघाशी आत येताना बरेच जण इथे थांबलात, रंग पाहिलेत, दोघांनी किंमतही विचारलीत. लांबी मात्र कुणी विचारली नाही. मी पुण्यात गिटारी दुरुस्त करतो, तिथेही हेच पाहतो. नवं मॉडेल आलं की फोनवर फोटो येतो आणि खाली प्रश्न असतो, ‘सर, हा निळा कसा वाटतो?’ महिन्याभराने तीच व्यक्ती गिटार घेऊन येते आणि म्हणते, ‘बोटं दुखतात, तारा ढिल्या करून द्या.’ खरं तर ते दुखणं बऱ्याचदा लांबीतून आलेलं असतं.

लांबी म्हणजे वाजणाऱ्या तारेची लांबी, माथ्याजवळच्या नट नावाच्या खाचांच्या पट्टीपासून खाली तारा टेकतात त्या ब्रिजपर्यंतची. आम्ही तिला स्केल लेंथ म्हणतो. ती मोजायची असेल तर नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत, म्हणजे दांडीवरच्या बाराव्या आडव्या धातूच्या पट्टीपर्यंत, टेप धरा आणि येईल त्याची दुप्पट करा. ब्रिजवर प्रत्येक तारेचं खोगीर थोडं मागेपुढे असतं, म्हणून थेट ब्रिजपर्यंत मोजू नका. फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर आणि टेलिकास्टरची स्केल २५.५ इंच. गिब्सनच्या लेस पॉलची कॅटलॉगमध्ये २४.७५ इंच, टेप लावला तर साडेचोवीसच्या जरा वर भरते. पॉल रीड स्मिथ कंपनीने दोघांच्या मधली २५ इंच धरली. त्याच कंपनीच्या ज्या मॉडेलच्या नावात २४५ आहे, त्याची स्केल साडेचोवीस. आणि तिचंच सिल्व्हर स्काय हे मॉडेल स्ट्रॅटच्या, म्हणजे स्ट्रॅटोकास्टरच्या, वळणाचं, म्हणून ते मात्र साडेपंचवीस. एकाच कंपनीच्या दोन गिटारींमध्ये एक इंचाचा फरक पडतो आणि घेणाऱ्याला त्याचा पत्ता नसतो.

आता हे मी सांगलीत बोलतोय, इथून मिरज हाकेच्या अंतरावर. तिथल्या कारागिरांना हे सगळं समजावून सांगावं लागणार नाही. मर्दानी तंबोरा लांब, जनानी तंबोरा आखूड. गाणाऱ्याचा षड्ज खाली असेल तर तार लांब हवी, वर असेल तर आखूड चालते. सूर, ताण आणि लांबी यांचं गणित त्या घराण्यांच्या हातात पिढ्यान् पिढ्या आहे. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. मिरजेत तंबोरा घ्यायला गेलात तर कारागीर आधी विचारतो, ‘कुणासाठी? पट्टी कोणती?’ पॉलिशचं नंतर. गिटारच्या दुकानातही हाच प्रश्न पहिला यावा, एवढंच माझं मागणं आहे.

आता स्ट्रॅट आणि लेस पॉल यांच्यातल्या पाऊण इंचाने काय होतं ते बघू. तार तीच आणि सूर तोच असेल, तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. साडेपंचवीस भागिले पावणेपंचवीस, त्याचा वर्ग केला की सुमारे सहा टक्के जास्त येतात. दहाच्या सेटमधली, म्हणजे इंचाच्या दहा हजारांश जाडीची, सर्वांत पातळ तार स्ट्रॅटवर साधारण ७.३ किलोने ताणलेली असते, लेस पॉलवर ६.९ किलोने. आकडा किरकोळ वाटतो. पण तार बोटाने वर ढकलून पूर्ण सूर चढवताना, म्हणजे बेंड घेताना, तो बोटाच्या टोकाला कळतो. पहिल्या फ्रेटच्या जागेतही एक मिलिमीटरचा फरक आहे. एका मिलिमीटरचं काय, असं म्हणू नका. चार बोटं चार फ्रेटवर पसरली की ते मिलिमीटर साठत जातात. लांब तारेला दुसरी बाजूही आहे. खालचे सूर तिच्यावर नेटके, टणक उमटतात. म्हणूनच गिटार खूप खाली उतरवून वाजवणारे लोक सत्तावीस इंच आणि त्याहून लांब स्केलच्या बॅरिटोन गिटारींकडे जातात.

इथे मला एक गैरसमज दूर करायचाय, कारण त्याचा त्रास मी मुलांना होताना पाहतो. आखूड स्केल म्हणजे शिकाऊ गिटार, असं दुकानात सर्रास सांगतात. समजुतीला थोडा आधार आहे. फेंडरने १९५६ साली साडेबावीस इंचांच्या म्युझिकमास्टर आणि ड्युओ-सॉनिक काढल्या, त्या शिकणाऱ्यांसाठीच होत्या. पण १९६२ साली त्याच कंपनीने जॅग्वार काढली. तिची स्केल २४ इंच, लेस पॉलपेक्षाही आखूड, आणि ती त्यांच्या यादीतलं सर्वांत वरचं मॉडेल होती. लहान हाताची मुलगी समोर आली की तिला ‘हात बसेल हळूहळू’ असं सांगून साडेपंचवीस इंची गिटार गळ्यात घालणं मला पटत नाही. तिच्या हाताला चोवीस इंच बसत असतील, तर तिने आयुष्यभर चोवीस इंचावर वाजवावं.

चोवीस इंची गिटार आपल्याकडच्या दुकानांत सहज सापडत नाही हे खरं. त्यावर एक उपाय आहे. कुठलीही स्ट्रॅट घ्या, सगळ्या तारा अर्धा सूर उतरवा आणि पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, लावा. सूर पुन्हा जागेवर आला, आणि तारेची लांबी उरली २४.०७ इंच. हातात आली ती जवळजवळ जॅग्वारची स्केल, ताणासकट आणि फ्रेटच्या अंतरांसकट. पूर्ण सूर उतरवून दुसऱ्या फ्रेटवर कॅपो लावलात, तर ड्युओ-सॉनिकच्या अगदी जवळ पोचाल. जिमी हेंड्रिक्स आणि स्टीव्ही रे वॉन हे नामवंत गिटारवादकही अर्धा सूर उतरवून वाजवत. वॉन तर तेराच्या जाड तारा लावायचा. सूर उतरवला नसता, तर त्या तारांवर तसे बेंड घेणं फार जड गेलं असतं.

आता रंगाकडे येतो. रंगाची हौस मला कमी लेखायची नाही, मलाही आहे. या लाल रंगाचं नाव फिएस्टा रेड. १९५६ च्या फोर्ड थंडरबर्ड मोटारीचा हा रंग. फेंडरचे कस्टम रंग ड्यूपाँ कंपनी मोटारींसाठी बनवत असलेल्या रंगांतून घेतलेले होते. लेक प्लॅसिड ब्लू कॅडिलॅकचा. नेहमीच्या रंगाऐवजी असा कस्टम रंग हवा असेल, तर गिऱ्हाइकाकडून पाच टक्के जास्त घेत. त्या काळच्या गिटारींवरचं नायट्रोसेल्युलोज लॅकर वयाबरोबर पिवळं पडतं. मग खालचा पांढरा सायीसारखा दिसू लागतो, निळा हिरव्याकडे झुकतो. अशा जुन्या गिटारीची पिकगार्डची, म्हणजे तारांखालच्या भागाला ओरखड्यांपासून जपणारी, पट्टी काढली, की खाली झाकलेला मूळ रंग बराचसा तसाच मिळतो. गिब्सनचंही तेच झालं. १९५८ ते १९६० मधल्या सनबर्स्ट, म्हणजे कडेकडे गडद होत जाणाऱ्या रंगाच्या, लेस पॉलमधला तांबडा रंग उजेडात विरत गेला, कुठे मधासारखा झाला, कुठे लिंबासारखा. आज लोक त्या विरलेल्या छटांचीच नक्कल नव्या मॉडेलांवर मागतात, आणि कंपन्या ती करून देतात.

पॉलिशमुळे आवाज बदलतो, यावर फार बोललं जातं. भरीव लाकडाच्या इलेक्ट्रिक गिटारवर मला तरी तो फरक कधी ऐकू आलेला नाही. हाताला मात्र फरक कळतो. मुंबईत किंवा कोकणात जून महिन्यात चकचकीत नेकवर, म्हणजे गिटारच्या दांडीवर, घामाचा तळवा अडकतो, कमी चकाकीच्या सॅटिन नेकवर सरकतो. आपल्या हवेत मी नेक सॅटिनच सुचवतो. नायट्रोसेल्युलोज लॅकर हवंच असेल, तर ते सांभाळायची तयारी ठेवा. मी माझी एक गिटार रबरी पकडीच्या स्टँडवर पावसाळाभर ठेवली. रबरातल्या द्रव्याने लॅकर मऊ झालं आणि नेकच्या मागे दोन खोल वळ उठले. ते आजही अंगठ्याला लागतात. पॉलिएस्टर फिनिशला सहसा असं होत नाही.

आणखी एक, फिंगरबोर्डचं, म्हणजे ज्या लाकडी पट्टीवर बोटं दाबतो तिचं. २०१७ साली शिसवीच्या सगळ्या जातींवर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले आणि बऱ्याच कंपन्या दुसऱ्या लाकडांकडे वळल्या. २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली आणि शिसवी हळूहळू परतली. नव्या मॉडेलच्या माहितीत ‘रोझवुड’ दिसलं, तर ते पुष्कळदा भारतीय शिसवीचं असतं, म्हणजे आपल्या सह्याद्रीत वाढणाऱ्या जातीचं. हे लाकूड बोटाखाली आहे, याचा मला अभिमान वाटतो.

आता स्ट्रॅट आधी आहे तशी वाजवून बघा, मग मी तिच्या तारा अर्धा सूर उतरवतो. कॅपो इथे टेबलावर आहे. ज्यांची बोटं दुखतात त्यांनी आधी पुढे या. बाराव्या फ्रेटवर एक बेंड तारा उतरवण्याआधी घ्या, एक तारा उतरवून कॅपो लावल्यावर, कॅपोपासून बाराव्या फ्रेटवर. आणि हाताला काय वाटलं ते मला सांगा.