ढील

[दृश्य : घणसोलीतलं मोकळं मैदान, एप्रिलची दुपार. गाडीच्या डिकीतून भलीमोठी बॅग बाहेर निघते.]

पाच वाजले की ह्या मैदानावर एकाच वेळी सहा मॅच चालतात. कुणाचा फिल्डर कुणाच्या पिचवर उभा आहे, हे त्यांचं त्यांनाही सांगता येत नाही. म्हणून आम्ही तीनला येतो. ऊन चटके देतं, पण मैदान रिकामं असतं आणि वारा सुरू झालेला असतो.

खारे वारे आणि मतलई वारे यांतील फरक स्पष्ट करा. शाळेत हा प्रश्न हमखास यायचा. दिवसा जमीन लवकर तापते, तेव्हा समुद्राकडून जमिनीकडे वाहतात ते खारे. रात्री जमीन लवकर निवते, मग जमिनीकडून समुद्राकडे वाहतात ते मतलई. पाठ केलं, लिहिलं, विसरलो. पस्तिशी ओलांडल्यावर गोव्यात काइटबोर्डिंग शिकायला गेलो, तर पहिला धडा तोच. खारा वारा चुकलेल्या माणसाला किनाऱ्यावर आणून टाकतो. मतलई त्याला आत घेऊन जातो, आणि आत म्हणजे अरबी समुद्र. सगळ्यात चांगला तो किनाऱ्याला तिरका लागणारा वारा. जमिनीकडून वाहत असेल, तर बॅगेची चेन उघडायची नाही. समोर पाणी कितीही सुंदर दिसू दे.

[दृश्य : बॅगेतून गुंडाळलेला काइट मैदानावर उलगडतो.]

पायाखाली फळी, कमरेला जाड पट्टा, आणि पट्ट्याला अडकवलेला एक पतंग, जो तुम्हाला पाण्यावरून ओढत नेतो. काइटबोर्डिंग म्हणजे एवढंच. पतंग म्हटलं की लोकांना संक्रांत आठवते. मग हा समोर पसरला की सगळे गप्प होतात. १२ चौरस मीटर. आमच्या ठाण्याच्या जुन्या घरातली खोली एवढीच होती.

माझं वजन ७५ किलो. १५ नॉटच्या वाऱ्याला, म्हणजे ताशी साधारण २८ किलोमीटरला, हा १२ मीटरचा मला बरोबर होतो. वारा २५ नॉट असेल तर सात-आठ मीटरचा घ्यायचा. कारण वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की ओढ दुप्पट होत नाही, चौपट होते. मोठा काइट विकत घेतला आहे म्हणून तोच उडवणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांच्यातला एक नंतर दोन महिने कुबड्या घेऊन ऑफिसला जात होता.

आज हा इथे उडणार नाही. फक्त मांडायचा, तपासायचा आणि परत गुंडाळायचा. तीन बाजूंना इमारती आहेत, आणि इमारतीला आपटून येणारा वारा उंचीच्या कितीतरी पट अंतरापर्यंत भोवरे घेत राहतो. अशा वाऱ्यात काइट क्षणात ढिला पडतो आणि क्षणात हिसका देतो.

मग समोरच्या ठाणे खाडीत का नाही? हा प्रश्न मला दर रविवारी कुणीतरी विचारतं. पाणी आहे, वारा आहे, पाच मिनिटांवर आहे. पण खाडीचा काठ म्हणजे तिवरं आणि गुडघाभर चिखल. ओहोटी लागली की पाणी निघून जातं आणि माणूस गाळात रुतून बसतो. वारा पश्चिमेचा, म्हणजे नवी मुंबईच्या काठावर तो तुम्हाला सरळ तिवरांत नेऊन घालणार, २०-२५ मीटर लांबीच्या दोऱ्यांसकट. शिवाय २०१५ पासून खाडीचा हा पट्टा फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ मध्ये रामसर यादीतही, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीतही गेला. हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत जिथे हजारो पक्षी चिखलात चोच घालून चरतात, तिथे १२ मीटरचं कापड नाचवायला जाणारा माणूस मला तरी भेटायचा नाही. आणि वरून विमानं. जाता जाता सांगतो, आपल्याकडच्या १९३४ च्या विमान कायद्यात ‘विमान’ ह्या शब्दाच्या व्याख्येत पतंगही होता. संक्रांतीला आपण सगळे वैमानिक.

म्हणून पाण्यासाठी गोव्यात मोरजी, नाहीतर थेट रामेश्वरम. आणि सरावासाठी घणसोली.

[दृश्य : पंप. भाची पंपाच्या दांड्यावर पूर्ण वजन टाकून हवा भरते आहे.]

ही माझी भाची. नववीत आहे. पंप मारायला कुणीतरी हवं म्हणून आणली होती, आता तिला सगळंच हवं आहे.

काइटच्या पुढच्या कडेला एक जाड नळी असते, तिला आडव्या जोडलेल्या तीन किंवा पाच बारीक नळ्या. ह्या फुगवल्या की काइटला आकार येतो. आपल्या पतंगाच्या कामट्या जे काम करतात तेच काम, फक्त हवेने. ही युक्ती फ्रान्समधल्या ब्रुनो आणि डॉमिनिक लेगेन्यू ह्या दोन भावांची. १९८४ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला. त्यांना पाण्यात पडला तरी बुडणार नाही आणि तिथूनच परत उडेल असा पतंग हवा होता.

पंप मारायच्या आधी पंपाची दोरी काइटला अडकवायची. हे विसरलात तर अर्धा फुगलेला काइट वाऱ्यावर निघून जातो आणि पंप तुमच्या हातात राहतो. हवा पुरेशी झाली की नाही हे कसं कळतं? नळीला टिचकी मारायची. बद्द आवाज आला तर अजून भरा. बास्केटबॉलसारखा टणक आवाज आला की बास.

“मामा, झालं?”

“मार टिचकी.”

“टण् झालं.”

“अजून दहा.”

हवा कमी असली तर काइट आकाशात मधोमध दुमडतो, आणि दुमडलेला काइट कुणाचंच ऐकत नाही. भरल्यावर पुढची नळी वाऱ्याच्या तोंडाला देऊन तो जमिनीवर ठेवायचा आणि कापडावर वजन टाकायचं. किनाऱ्यावर वाळू असते. इथे आम्ही मातीने भरलेल्या पिशव्या आणतो. पिशवी ठेवल्याशिवाय काइटला पाठ दाखवायची नाही. पाण्याची बाटली घ्यायलासुद्धा नाही.

[दृश्य : दोऱ्या. बोटं दोऱ्यांमधून कंगव्यासारखी फिरतात.]

आता खरं काम. चार दोऱ्या. मधल्या दोन काइटच्या पुढच्या भागाला जातात आणि जवळजवळ सगळा भार त्याच घेतात. बाजूच्या दोन मागच्या टोकांना, त्या वळवायच्या. दिसायला सुतळीपेक्षा बारीक, पण एकेक दोरी दोनशे किलोहून जास्त ओढ सोसते. म्हणूनच ताणलेल्या दोरीला हात लावायचा नाही, बोटाला गुंडाळायची तर नाहीच. मांज्याने बोट कापलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

बार, म्हणजे दोऱ्या ज्याला येऊन मिळतात तो हातात धरायचा दांडा, जमिनीवर ठेवून, दोऱ्या बोटांमध्ये धरून काइटपर्यंत चालत जायचं. चारही मोकळ्या, एकीवर एक चढलेली नाही, मध्ये काडी-गवत अडकलेलं नाही. मग काइटच्या गळ्यातल्या बारीक दोऱ्यांना जोडायच्या. ह्यांना इंग्रजीत काहीही म्हणोत, ठाण्यात आमच्या गच्चीवर पतंगाच्या ह्या भागाला मंगळसूत्र म्हणायचे. मंगळसूत्र नीट बांधलं नाही तर पतंग गोते खातो. इथे गोता खाणाऱ्या पतंगाला आपण स्वतः बांधलेले असतो, एवढाच फरक.

जोडून झाल्यावर मी बारपाशी परत येतो आणि एकेक दोरी नजरेने काइटपर्यंत मोजत नेतो. मग उलटं, काइटकडून बारकडे. भाची म्हणते मामा देवळात प्रदक्षिणा घालतो तसं करतो. करू दे तिला चेष्टा. डावी-उजवी दोरी एकदा अदलाबदल झाली, की आकाशात गेलेला काइट डावीकडे सांगितलं तर उजवीकडे जातो.

[दृश्य : मोरजीचा किनारा. जुनं, थरथरतं मोबाइलचं चित्रण.]

हा मी. गोव्यात, शिकण्याचा तिसरा दिवस.

काइट वर गेला. वाऱ्याचा एक झोत आला आणि मी काय केलं? लहानपणापासून गच्चीवर जे केलं तेच. पतंग ओढ घेतो म्हटल्यावर घट्ट धरला आणि स्वतःकडे खेचला. संक्रांतीला हातातून फिरकी सोडणाऱ्याला मित्र वर्षभर ऐकवायचे. तो हात असा एका दिवसात बदलत नाही.

पण ह्या खेळात बार स्वतःकडे ओढला की काइटचा मागचा भाग खाली येतो, कापड वाऱ्याला जास्त भिडतं आणि ताकद वाढते. मी जितका घाबरलो तितका ओढला, जितका ओढला तितका काइट जोरात गेला. आकाशाच्या मधोमध, वाऱ्याच्या बरोबर पोटात, जिथे ओढ सगळ्यात जास्त असते. पंधरा-वीस पावलांचं अंतर मी तोंडावर पडून वाळूतून कापलं. शिकवणारा मागून एकच शब्द ओरडत होता. सोड. सोड. सोड.

बार सोडला की तो दोरीवरून पुढे सरकतो, काइट सपाट होतो, ओढ उतरते. ह्या खेळातली ही ढील. २००५ च्या सुमारास नव्या घडणीचे काइट आले, त्यांत बार सोडल्यावर जवळजवळ सगळी ताकद जाते. त्याआधीच्या काइटमध्ये निम्मी-अर्धी ओढ मागे उरायची. तेव्हा शिकलेल्या लोकांना मी नमस्कार करतो.

[दृश्य : परत घणसोली. कमरेच्या पट्ट्यापुढचा लाल तुकडा, जवळून.]

बार सोडून भागलं नाही तर हा लाल तुकडा. पुढे ढकलला की काइट कमरेपासून सुटतो आणि एकाच दोरीवर निशाणासारखा फडफडत पडतो. तरीही नाही थांबला, तर ती शेवटची दोरीही सोडायची. काइट गेला तर गेला.

माझी एक सवय आहे, ती मी कुणावर लादत नाही, पण सांगतो. उडवायच्या आधी दर वेळी हा लाल तुकडा एकदा सोडून बघायचा आणि परत बसवायचा. वाळूचा एक कण आत गेला तरी तो अडतो. डोळे मिटूनही हात बरोबर तिथे जायला हवा, कारण लाटेखाली डोळे मिटलेलेच असतात. घरी स्वयंपाकघरात पट्टा बांधून मी हा सराव केला आहे. बायकोने व्हिडिओ काढून सगळ्या ग्रुपांवर टाकला.

[दृश्य : दोघांमध्ये दोऱ्यांचं अंतर. भाची रिकाम्या हातांनी काइट धरल्याची नक्कल करते.]

काइट एकट्याने उडवता येतो, पण उडवू नये. समोर धरणारा माणूस हवा, आणि त्याला धरायचं कसं हे माहीत हवं. घड्याळ डोळ्यांसमोर आणा. तुम्ही वाऱ्याकडे पाठ करून उभे. डोक्यावर बारा, एका हाताला नऊ, दुसऱ्या हाताला तीन. काइट कडेवरून उडवायचा, नऊच्या किंवा तीनच्या जवळून. मधून कधीच नाही. कापड फडफडत असेल तर काइट फार कडेला गेला आहे, मग उडवणाऱ्याने वारा येतो त्या दिशेला दोन पावलं सरकायचं. कापड शांत झालं, दोऱ्या पुन्हा बघितल्या, की अंगठा दाखवायचा.

“मामा, सोडू?”

“अंगठा दिसला का?”

“नाही.”

“मग?”

आणि सोडताना नुसतं सोडायचं. वर फेकायचं नाही. गच्चीवर लांब जाऊन पतंग धरणारा पोरगा उडी मारून फेकतो, ते इथे चालत नाही. उतरवायचा असेल तर स्वतःच्या डोक्यावर हात थोपटायचा, ही खूण किनाऱ्यावर कुणालाही कळते. उडाल्यावर काइट डोक्यावर बाराला धरून जमिनीवर गप्पा मारत उभं राहायचं नाही. फोटोत छान दिसतं, पण एक झोत आला की माणूस उचलला जातो. काइट पाण्याच्या बाजूला, खाली, आणि आपण सरळ पाण्यात. वारा ज्या बाजूला वाहतो तिकडे निदान ५० मीटर काहीच नको. छत्री, कुत्रा, गाडी, नारळवाला.

मे महिन्यात आणखी एक. दुपारी घामाच्या धारा आणि पूर्वेला काळे ढग उभे राहत असतील, तर वळीव येतोय. वळवाचा वारा आधी येतो, पाऊस मागून. आणि येतो तो दिशा बदलून येतो. ढग दिसला की काइट खाली. ‘अजून एक फेरी’ म्हणणाऱ्याची वाट बघायची नाही.

[दृश्य : मोठा काइट गुंडाळलेला. आता भाचीच्या हातात छोटा बार, आकाशात दोन दोऱ्यांचा छोटा काइट.]

हा सरावाचा. दोन चौरस मीटर, दोनच दोऱ्या, मनगटाला पट्टी. बार हातातून सुटला की एका दोरीवर लोंबकळत खाली येतो. ह्यावर आठ-दहा दुपारी घालवल्याशिवाय मोठ्याला हात लावायचा नाही. ती तिसऱ्या दुपारवर आहे.

नऊवरून बारा. बारावरून तीन. परत. जीभ बाहेर काढून, गणित सोडवते तसं.

एक झोत येतो. काइट मधोमध घुसतो, तिचे बूट मातीत दोन पावलं घसरतात. मी तोंड उघडतो.

त्याआधीच बार जमिनीवर पडलेला असतो. काइट मऊ होऊन बाजूला बसतो.

ती मागे वळून बघत नाही. बार उचलते, दोऱ्या बोटांत घेते आणि काइटकडे चालायला लागते. मैदानाच्या पलीकडच्या टोकाला क्रिकेटवाल्यांनी स्टंप ठोकायला सुरुवात केली आहे.

“मामा, पाच मिनिटं आहेत. तू धर.”