‘समजते’ म्हणजे कुणाला समजते?

(एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेतील भाषण, थोडे संपादित करून.)

नमस्कार मंडळी. पुढच्या दोन रांगांत शाळेच्या कबड्डी संघातली मुलं-मुली बसली आहेत. त्यांना बघून मी लिहून आणलेली सुरुवात बाजूला ठेवतो आणि थेट एका सामन्याबद्दल बोलतो.

२ जून २०२१. लॉर्ड्सवर इंग्लंड विरुद्ध न्यूझीलंड कसोटीचा पहिला दिवस. ऑली रॉबिन्सन हा २७ वर्षांचा वेगवान गोलंदाज पहिल्यांदाच इंग्लंडकडून कसोटी खेळत होता. खेळ सुरू होण्याआधी इंग्लंडचे खेळाडू भेदभावाचा निषेध करणारे टी-शर्ट घालून रांगेत उभे राहिले. त्या रांगेत तोही होता. त्याने दोन बळी घेतले. तो मैदानात धावत असताना बाहेर त्याची २०१२-१३ मधली ट्वीट्स फोनाफोनी फिरत होती. वर्णद्वेषी होती, बायकांची टिंगल करणारी होती. लिहिली तेव्हा तो १८-१९ वर्षांचा होता. संध्याकाळी, ज्या वेळी पहिल्या कसोटीचं कौतुक ऐकायचं, त्या वेळी तो कॅमेऱ्यांसमोर माफीनामा वाचत होता.

मी त्या ट्वीट्सवर पांघरूण घालायला आलेलो नाही. ती वाचून ज्यांना लागायचं त्यांना लागलंच असणार, आणि ‘पोरवयातलं आहे, सोडा हो’ हे आपण त्यांच्या वतीने म्हणू शकत नाही. चौकशी व्हायला हवी होती आणि ती झाली. त्या सामन्यात सात बळी घेऊन, फलंदाजीत ४२ धावा करूनही इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने त्याला लगेच निलंबित केलं, पुढच्या कसोटीतून वगळलं. शिस्त समितीने आठ सामन्यांची बंदी घातली, त्यातल्या पाच सामन्यांची शिक्षा दोन वर्षांसाठी स्थगित ठेवली, वर ३,२०० पौंड दंड केला. ऑगस्टमध्ये तो परत आला आणि लीड्सला आपल्याविरुद्ध सामनावीर ठरला. शिक्षेला माप होतं. कुठे सुरू होते, कुठे संपते, हे कागदावर लिहिलेलं होतं. चघळण्याला असं माप नसतं. त्यानंतर इंग्लंडच्या इतर खेळाडूंच्या जुन्या नोंदी उकरणं सुरू झालं. कुणी काही तक्रार केली होती म्हणून नव्हे. सापडेल काहीतरी, म्हणून.

त्या गदारोळातली एक गोष्ट मात्र मला फार मोलाची वाटते. विस्डेन या क्रिकेटच्या जुन्या, नावाजलेल्या प्रकाशनाच्या संकेतस्थळाला आणखी एका इंग्लंड खेळाडूचं जुनं वर्णद्वेषी ट्वीट सापडलं. त्यांनी ते घडल्याची बातमी दिली, पण खेळाडूचं नाव छापलं नाही, कारण लिहिताना तो १६ वर्षांचाही नव्हता. मी बत्तीस वर्षं क्रीडा पानावर काम केलं आहे. हातात नाव आहे, दुसरा कुणीही ते अर्ध्या तासात छापेल अशी भीती आहे, आणि तरी ते छापायचं नाही, हे किती जड असतं ते मला ठाऊक आहे. बातमी दडपली नाही आणि मुलाचं नावही चव्हाट्यावर आणलं नाही. म्हणजे दोन्ही जमू शकतं.

आता आपल्या घरचं उदाहरण. विरारचा पृथ्वी शॉ. ऑक्टोबर २०१८ मध्ये राजकोटला पहिल्याच कसोटीत १३४ धावा, वय १८. पुढच्या फेब्रुवारीत इंदूरला मुश्ताक अली या देशांतर्गत टी-ट्वेंटी स्पर्धेदरम्यान त्याच्या लघवीचा नमुना घेतला गेला, त्यात टर्ब्युटलिन सापडलं. खोकल्याच्या औषधांत असतं ते, पण खेळाडूंना त्याची मनाई आहे. बीसीसीआयने स्वतःच जाहीर केलं की त्याने ते नकळत घेतलं होतं, आणि आठ महिन्यांची बंदी घातली. चूक होतीच, खेळाडूने घशाखाली जाणाऱ्या प्रत्येक चमच्याची खात्री करायची असते, पुढच्या रांगेतल्यांनो, हे तुम्हालाही लागू आहे. पण त्या आठवड्यात लोकलमध्ये मी काय ऐकलं? ‘पोरगा ड्रग्जमध्ये सापडला.’ खोकल्याच्या औषधाचं डोपिंग झालं, डोपिंगचं ड्रग्ज झालं. बोलणाऱ्यांपैकी कुणीही दुष्ट नव्हतं. प्रत्येकाने आधीच्याच्या बोलण्यात चिमूटभर मीठ घातलं, इतकंच.

कधीकधी तर खेळाडूची चूकही लागत नाही. १७ सप्टेंबर २०१९ ला ‘द सन’ या ब्रिटिश वर्तमानपत्राने इंग्लंडचा क्रिकेटपटू बेन स्टोक्स याच्या आईच्या आयुष्यातली, तीसहून अधिक वर्षांपूर्वीची एक शोकांतिका पहिल्या पानावर छापली. काय घडलं होतं ते मी इथे सांगणार नाही. त्या माउलीला ते लोकांसमोर यायला नको होतं. दोन वर्षांनी वर्तमानपत्राने माफी मागितली, भरपाई दिली. पण छापलेलं कुणाच्या डोक्यातून पुसता येत नाही.

आणि आता माझं स्वतःचं. हे मी आजवर व्यासपीठावरून बोललेलो नाही.

१९९० च्या दशकात मी एका जिल्हा दैनिकात होतो. कबड्डीच्या अंतिम सामन्यात आमच्याकडचा एक चांगला चढाईपटू शेवटच्या मिनिटात बोनस रेषेपाशी घोटाळला आणि पकडला गेला. संघ एका गुणाने हरला. मैदानाबाहेर कुजबुज सुरू झाली. यानेच मॅच विकली. रात्री पानात आठ ओळींची जागा उरली होती. मी लिहिलं, ‘सामन्याच्या निकालाबाबत क्रीडावर्तुळात उलटसुलट चर्चा असून एका प्रमुख खेळाडूची भूमिका संशयास्पद असल्याचे समजते.’

नाव नव्हतं, पण गावाला नावाची गरज नव्हती. आपल्या भाषेत ही मोठी सोय आहे बघा. समजते. कळते. बोलले जाते. क्रियापद आहे, कर्ता नाही. ‘मला अमक्याने सांगितलं’ असं लिहायचं असतं तर मी त्याच रात्री थांबलो असतो, कारण पुढचा प्रश्न आलाच असता : त्याला कुणी सांगितलं?

पुढच्या मोसमात त्याला संघात घेतलं नाही. नोकरीचं बोलणं चाललं होतं तेही बारगळलं. पैशाचा व्यवहार झाल्याचा कुठलाही पुरावा कधी पुढे आला नाही. खरं तर कुणी शोधलाही नाही, कारण आरोप कुणी केलाच नव्हता. फक्त ‘समजलं’ होतं.

सात-आठ वर्षांपूर्वी एका लग्नात तो भेटला. पिठाची गिरणी चालवतो. भुवयांत थोडं पीठ राहिलेलं होतं. मला ओळखून तो स्वतः जवळ आला, पाया पडायला वाकला, मी त्याला धरलं. पंगत बसेपर्यंत आम्ही मुलांबद्दल, पावसाबद्दल बोललो. मग त्याने अगदी हळू आवाजात विचारलं, “सर, तेव्हा तुम्हाला कुणी सांगितलं होतं हो?”

मी खूप आठवून पाहिलं. चहाच्या टपरीवर पाच-सहा जण उभे होते, पाऊस भुरभुरत होता, हे दिसत होतं. चेहरा एकही दिसेना. मी त्याला तसंच सांगितलं. तो “बरं” म्हणाला आणि माझ्यासाठी पाट मांडायला गेला.