तोंडातली गाठ आणि दोन आठवड्यांचा हिशेब

मंडळी, जीभ फार चौकस असते. दाताच्या फटीत एवढासा तंतू अडकला तरी दिवसभर तिथंच घुटमळते. तिला एकदा टाळूवर उंचवटा लागला, की माणूस मोबाईलचा टॉर्च घेऊन आरशासमोर उभा राहतो आणि बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःचं तोंड आतून बघतो. तिथं दिसतं त्यातलं बरंचसं वर्षानुवर्षं तसंच असतं. नवी असते ती फक्त आपली नजर.

जिभेच्या अगदी मागे उलट्या व्हीच्या आकारात आठ ते बारा मोठे दाणे असतात. ते चवीचे. वरच्या दुसऱ्या दाढेसमोर गालाला आतून बारीक उंचवटा लागतो, तिथं लाळेची नळी उघडते. टाळूच्या बरोबर मध्यावर कठीण, न दुखणारा फुगवटा असेल तर ते बहुधा हाडच. त्याला टोरस म्हणतात. तसाच तो खालच्या जबड्याला आतून, सहसा दोन्ही बाजूंना असतो. कवळी बसवताना आड आला तरच काढायचा, एरवी त्याच्या वाटेला जायचं नाही. ओठ चावला गेल्यावर खालच्या ओठात पाणी भरल्यासारखा निळसर, मऊ फोड येतो, फुटतो, पुन्हा भरतो. तोही साधाच.

या सगळ्यांसाठी लोक घाबरून येतात. ज्यांनी यायला हवं ते मात्र येत नाहीत. विचारलं तर म्हणतात, "दुखत नव्हतं हो!" अहो, तोंडाचा कर्करोग सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही. आपल्याकडे त्याची आवडती जागा म्हणजे गाल आणि खालची हिरडी यांच्यामधली खाच, जिथं तंबाखूचा बार धरला जातो तीच. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. पुडी कुठं मिळते हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल. "मी तंबाखू नाही खात, नुसती सुपारी," असं सांगणाऱ्यांनी ऐकावं: जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्ये तंबाखूविना सुपारीही कर्करोगकारक ठरवली. आणि बायकांना व्यसन विचारलं की त्या नाही म्हणतात. मिश्री लावता का, असं वेगळं विचारावं लागतं, तेव्हा कुठं मान हलते. भाजलेली तंबाखू दिवसातून तीनतीनदा हिरडीवर चोळायची आणि तिला दात घासणं म्हणायचं!

मग दाखवायचं कधी? तोंडातली जखम किंवा गाठ दोन आठवड्यांत गेली नाही तर. टोकदार दात लागून झालेली जखम तो दात घासून गुळगुळीत केला की तेवढ्या दिवसांत भरू लागते. न भरली, बूड कडक लागलं, पांढरा किंवा मखमली लाल चट्टा दिसला, दात विनाकारण हलू लागला, ओठ बधिर झाला, मानेत गाठ लागली, तर थांबू नका. तोंडात स्वतःची तीन बोटं उभी मावेनाशी झाली तर तेही दाखवा. बी कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणि मेडिकलमधलं जेल यांत लोक चारचार महिने घालवतात, याचा मला खरोखर राग येतो.

तपासणीसाठी गाठीचा तुकडा काढायचं म्हटलं की घरचे अडवतात. "चाकू लावला की कर्करोग पसरतो," हे वाक्य कुणी पसरवलं कोण जाणे. तसं होत नाही. जागा बधिर करतात, लहानसा तुकडा काढतात, एखाददुसरा टाका घालतात आणि त्याच दिवशी घरी सोडतात. रिपोर्ट यायला काही दिवस लागतात आणि तोवर झोप लागत नाही, हे मी जाणतो. तेवढे दिवस ती जागा जिभेनं किंवा बोटानं सारखी चाचपू नका. चोळून ती सुजते, आणि मग गाठ वाढली म्हणून तुम्ही रात्री अकराला मला फोन करता.